अर्धा धवला

आवाज तिला नंतर ओळखू आला. आधी ओळखू आली ती कोंबडी. विश्वजितच्या स्पीकरमधून थोडी खरखर आली, कोणीतरी घसा खाकरला आणि मागे लांबवर अंडं घालून उठलेली कोंबडी ओरडली. शर्मिलाने चहाचा कप बशीत ठेवायला खाली आणला होता, तो तिथेच थांबला. चाळीस वर्षांपूर्वीची कोंबडी ओळखता येत नाही. अंडं घातलेल्या सगळ्या कोंबड्या तशाच ओरडतात. हे तिने मनाशी नीट मांडलं, आणि ते मांडून होईपर्यंत बाईचा आवाज सुरू झाला होता. साथ नाही, ताल नाही. उंच, सरळ, थोडा नाकातून येणारा. डोक्यावर भारा घेतलेलं माणूस मान न हलवता बांधावरून चालतं तसा पुढे जाणारा. ती आई होती.

सानपाड्याच्या या नवव्या मजल्यावरच्या हॉलमध्ये ती कित्येक वर्षं दर शनिवारी दुपारी येत होती. विश्वजित निवृत्त इंजिनिअर. त्याच्याकडे माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर होते, जाड सतरंजी होती आणि ऐकताना खिडक्या बंद ठेवायचा नियम होता. आठ-दहा माणसं यायची. जुनी ध्वनिमुद्रणं ऐकायची, मग त्यावर बोलायचं, मग त्याच्या बायकोने केलेलं काहीतरी खायचं. एखाद्या शनिवारी ती गेली नाही तर संध्याकाळी कोणाचा तरी फोन यायचा, बरं नाही का म्हणून. आठवड्यात तसा दुसरा फोन येत नसे. आज त्याने एका दिवंगत संशोधकाच्या संग्रहातली कॅसेट आणली होती. संशोधकाच्या मुलीने खोकंभर कॅसेटी देऊन टाकल्या होत्या. वरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, धवला, उरण, १९८५, स्त्रीस्वर.

"पूर्वी आगऱ्यांच्या लग्नात भटजी नसायचा," विश्वजित हलक्या आवाजात सांगत होता. "धवलारीण असायची. ती गात जाते तसं लग्न पुढे सरकतं. हळदीचं गायलं की हळद लागते, पाटाचं गायलं की नवरी पाटावर बसते. म्हणजे गाणं हे लग्नाची शोभा नाही, गाणं हेच लग्न. आता ऐका, नाव घेईल."

नाव घेतलं. पाटावर बसली नवरी, नवरी ती शर्मिला.

"आयला!" प्रसाद म्हणाला. तो बँकेत होता आणि गंभीर गोष्टीत त्याला फार वेळ बसवत नसे. "शर्मिलाताई, तुमचं लग्न लागतंय की! आणि आम्हाला पत्रिका नाही?"

सगळे हसले. तीही हसली. "घाईत ठरलं," ती म्हणाली, आणि सगळे पुन्हा हसले.

"कुठे असेल हो ही पोरगी आता?"

"असेल की करंजा-बिरंजाला. नातवंडांना मारत असेल."

नवरी पाटावर बसली, तिच्या कपाळाला बाशिंग बांधलं, समोर अंतरपाट धरला. मग एका ओळीच्या मध्येच, श्वास घेतल्यासारखं झालं आणि काही उरलं नाही. विश्वजितने हात वर केला, कोणी बोलू नये म्हणून. थोड्या वेळाने तो म्हणाला, "हा थांबा पाहिलात? शेवट नाही. अंतरपाटाच्या पलीकडे काय आहे ते ती सांगतच नाही. एवढी आधुनिक गोष्ट एका निरक्षर बाईला कशी सुचली असेल?" त्यावर बराच वेळ बोलणं झालं. शेवटी तो तिच्याकडे वळला. "डॉक्टर, तुमचा कान बारीक आहे. तुम्हाला काय वाटलं?"

"सूर एका जागी राहत नाही," शर्मिला म्हणाली. आवाज तिचाच होता, प्रयोगशाळेतला. "पण कच्चेपणा आहे, तो चांगला आहे."

"कच्चेपणा! नेमका शब्द," विश्वजित म्हणाला.

घरी जाताना ती नेहमीच्या रस्त्याने न जाता तलावाच्या बाजूने गेली. कडेच्या बाकांवर माणसं बसली होती, एक बाई कानात काहीतरी घालून मोठमोठे हातवारे करत चालली होती. आपण खोटं बोललो का, याचा ती तपास करत होती. सूर एका जागी राहत नव्हता हे खरं होतं. कच्चेपणा होता हेही, ज्या मोजपट्टीने तो मोजतात त्या मोजपट्टीने, खरं होतं. तिची नोकरीच ती होती. तुर्भ्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत ती चव पाहणाऱ्या माणसांचा गट तयार करायची. सरबत, वेफर, नूडल्सचा मसाला. दहा माणसं घ्यायची, त्यांना मिठाचं पाणी, कडू पाणी, तुरट पाणी पाजत राहायचं, आणि काही महिन्यांनी एकाच चवीला दहाही जण एकच शब्द वापरू लागतात. मग त्यांची जीभ तयार झाली असं म्हणायचं. त्यांना वेगवेगळ्या खणांत बसवायचं, मध्ये पार्टिशन, वर लाल दिवा, म्हणजे पदार्थाचा रंग कळू नये आणि शेजाऱ्याचा चेहरा दिसू नये. चेहरा दिसला की माणूस आधी शेजाऱ्याकडे पाहतो आणि मग ठरवतो आपल्याला काय लागलं ते. आज हॉलमध्ये धवला वाजत असताना सगळ्यांनी एकदा विश्वजितकडे पाहिलं होतं. तिनेही.

तिची स्वतःची जीभ केव्हा तयार झाली? शाळेत बाई म्हणायच्या, पानी नाही, पाणी. आणि ती घरी येऊन विहिरीवर एकटीच पाणी पाणी म्हणत बसायची. मग कॉलेजचं होस्टेल, मीटर चालू ठेवल्यासारखं सतत स्वतःचं बोलणं तपासत राहणं. खोलीतली एक मुलगी पहाटे तंबोरा लावायची. पहिले काही महिने शर्मिलाला त्यात काही कळलं नाही, आणि एका सकाळी दात घासताना अचानक कळलं. एक स्वर दुसऱ्याकडे कसा टेकला ते कळलं, आणि तिला ब्रश हातात धरून तसंच उभं राहावंसं वाटलं. तो आनंद कोणाकडे पाहून आलेला नव्हता. कोणाला तो खोटा वाटू शकेल, तिला नाही. पण त्यानंतर सुट्टीत गावी गेली तर आईचा आवाज तिला सहन झाला नाही. आई गावातल्या लग्नांना जायची, लुगडं घट्ट नेसून, कोणाशी फार न बोलता, आणि नवरदेवाचा बापसुद्धा तिच्यासमोर खाली बसायचा. तिने गायल्याशिवाय काही हलत नसे. मांडवाच्या कोपऱ्यात मुली दबून म्हणायच्या, शर्मिलाची आय गातेय. त्यात आधी मान होता, मग कधीतरी त्याच शब्दांत हसू आलं, मग लाऊडस्पीकर आले, डीजे आले, हळदीच्या रात्री स्पीकरच्या गच्चीएवढ्या भिंती उभ्या राहू लागल्या, आणि आईला बोलावणं येईनासं झालं. शर्मिलाने त्याचं दुःख केलं नव्हतं. पाहायला ती तिथे नव्हतीच.

तो दिवस तिला चांगला आठवत होता. संशोधक जीपमधून आले होते. वडील, देवजी पाटील, तेव्हा मिठागरावर मुकादम होते. शिकलेला माणूस दारात आला की त्यांना फार अप्रूप वाटायचं. त्यांनी खुर्ची शेजारून मागून आणली. आईने मात्र नाही म्हटलं. लगीन नाय तं धवला कनाला? संशोधक हसून म्हणाले, थोडासाच, शास्त्रासाठी. बराच वेळ घासाघीस झाली. मग आई म्हणाली, नाव कोनाचं घेऊ? संशोधक म्हणाले, कोणाचंही घ्या, नको तर मोकळं सोडा. आईने घरात इकडे तिकडे पाहिलं. दाराला टेकून शर्मिला उभी होती, शाळेच्या निळ्या फ्रॉकमध्ये, आणि तिची भीती एवढीच की बाहेर जमलेली पोरं हे उद्या शाळेत सांगतील. आईने तिच्यावर नजर ठेवून गायला सुरुवात केली. मध्येच खट्ट झालं, कॅसेटची बाजू संपली. आई म्हणाली, उलटी करा. संशोधकांनी घड्याळ पाहिलं. राहू दे बाई, नमुना मिळाला, ते म्हणाले. शर्मिलाला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं. नमुना हा शब्दही तिला आवडला होता.

तो आठवडा तिने खणात बसून काढल्यासारखा काढला. बुधवारी विश्वजितचा फोन आला. वाशीत एक छोटं सभागृह मिळालं होतं, तिथे तो हा धवला लोकांना ऐकवणार होता. शनिवारी आधी घरीच तालीम. "तुम्ही दोन शब्द बोला," तो म्हणाला, "तुमच्या भाषेत, अलिप्तपणे. नाहीतर लोक गहिवरतात." ती हो म्हणाली. फोन ठेवल्यावर तिने ते दोन शब्द योजायला घेतले. अज्ञात गायिका असं वाक्य सुरू व्हायचं आणि पुढे जायचं नाही. मंडळात तिला कोणी कधी विचारलं नव्हतं, तुम्ही कुठल्या. पाटील कुठेही असतात. कोणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. पण सांगितल्यावर तिथे बसणारी बाई हीच राहील का, हे तिला ठाऊक नव्हतं. आणि ती जागा गेली तर दुसरी नव्हती.

शनिवारी कोंबडी पुन्हा ओरडली, नवरी पाटावर बसली, अंतरपाट धरला, आणि शांतता झाली. विश्वजितने हात वर केला. "इथे ती थांबते," तो म्हणाला. "तिला माहीत आहे कुठे थांबायचं."

"कॅसेट संपली होती," शर्मिला म्हणाली.

"अं?"

"बाजू संपली. ती उलटी करा म्हणाली, त्यांनी केली नाही. सुमित्रा देवजी पाटील नाव तिचं. माझी आई."

प्रसाद हसला, मग थांबला. "म्हणजे ती शर्मिला..."

"मी."

"तुम्ही आगरी?" कोणीतरी म्हणालं. "वाटत नाही हो."

तिने याची तयारी केली होती. अवघडलेपणाची, नजरा चुकवण्याची, मागच्या शनिवारच्या त्या हसण्याबद्दल कोणी सॉरी म्हणेल त्याचीही. पण तसं काही झालं नाही. सगळे खुलले. विश्वजित उठून उभा राहिला, त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "आणि तुम्ही कच्चेपणा म्हणालात! काय ही तटस्थता! त्या आहेत? हयात आहेत? गातात?" प्रसादने तिच्यासाठी खुर्ची सरकवली, जणू ती आत्ताच आली होती. विश्वजित खोलीत फेऱ्या मारू लागला. "असं करू. आधी कॅसेट. अंतरपाटापर्यंत. मग थांबते. पूर्ण अंधार. आणि दिवा येतो तर त्याच बाई समोर बसलेल्या, चाळीस वर्षांनी, आणि जिथे तुटलं तिथूनच पुढे उचलतात. एकही शब्द निवेदन नको."

ते सुंदर होतं. तिची तयार झालेली जीभ लगेच म्हणाली, सुंदर आहे. त्या अंधारात बसून ती स्वतः ऐकते आहे असं तिला दिसलंसुद्धा. "विचारते," ती म्हणाली. "पण लग्न नसताना ती गात नाही."

"मग लग्न करून टाका, ताई," प्रसाद म्हणाला. "दोन पक्षी. मुलगा मी शोधतो, टेन्शन नाही."

लिफ्टपाशी संघप्रिया तिच्याबरोबर उभी राहिली. नेरुळच्या कॉलेजात शिकवणारी, मंडळात क्वचित बोलणारी मुलगी. "माझी आजी गायची," ती म्हणाली. "वेणूबाई. जालन्याकडे. जात्यावर, मग बाबासाहेबांची. इथे मी कधी बोलले नाही."

"आता सांगशील?"

"छे. लगेच अंधार करून दिवा लावतील," ती म्हणाली, आणि लिफ्ट आली.

दुसऱ्या दिवशी शर्मिला गावी गेली. द्रोणागिरीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना कंटेनर रचलेले होते, मिठागरांची जागा आता कुठली ते सांगता आलं नसतं. भावाने तीन मजले बांधले होते, खाली टाइल्सची खोली आईची. ट्रेलर गेला की खिडकीची काच थरथरायची. आई जमिनीवर पाय पसरून सुपात सुका जवळा निवडत होती. उज्वलावहिनी चहा घेऊन आली. "बगा, तुमची लेक आयली. आता बोला. सकालपासून मना एक शब्द नाय," ती म्हणाली, आणि वर निघून गेली.

शर्मिलाने सगळं सांगितलं. कॅसेट, मोठे स्पीकर, लोक किती शांत बसले ते. आई जवळ्यातून खडे काढत राहिली.

"तुला बोलावलंय. उरलेला गायला."

"कोनाच्या लगनात?"

"लग्न नाही गं आये. सभागृह आहे वाशीला. माणसं खुर्च्यांवर बसून ऐकतात."

"मंग नाय." सूप हलवलं. मग म्हणाली, "ती कॅशेट हाय अजून? मना वाटला पुसली आसंल. लोक वरून दुसरी गानी भरतात ना."

"पुसली नाही."

"आन् अर्धीच हाय?"

"अर्धीच."

आईचा हात थांबला. "तरी म्हटला," ती म्हणाली. आणि मग, शर्मिलाकडे न पाहता, सुपाशी बोलावं तशी बोलू लागली. नावाची जागा मोकळी सोडता येत नाही. पाट मांडला आणि कोणी बसवलं नाही तर भलतंच कोणी येऊन बसतं, ते मग घरातून जात नाही. म्हणून नाव घ्यावं लागलं. दुसऱ्याच्या पोरीचं कसं घ्यायचं, काही झालं तर तिचे आईबाप काय म्हणतील. म्हणून आपलीच घेतली. वाटलं, पुरा गाऊन शेवटी सोडवून घेऊ. "त्यानी मशीन बंद केला. मी बोलली, बाबा, पोर पाटावं हाय माजी. तो बोलला, नमुना भेटला. तुजा बापूस त्याला नारल देत होता." तिने एक खडा काढून लांब टाकला. "तुला स्थलं आयली, गेली. मी कंदी बोलली का तुला, लगीन कर? लोक बोलायचं, सुमित्रा कशी आय हाय, पोरीला इचारत पन नाय. काय इचारू? मीच बसवली तुला."

काच थरथरली, ट्रेलर लांब जाईपर्यंत थरथरत राहिली. आईने आपल्याला लग्नाबद्दल कधी टोचलं नाही, ही गोष्ट शर्मिलाने किती जणांना सांगितली होती. प्रयोगशाळेत, मंडळात, एकदा तर एका मुलाखतीत. माझी आई शिकलेली नाही, पण तिने मला मोकळं सोडलं. त्या एका गोष्टीवर तिने स्वतःचं एकटं आयुष्य बऱ्यापैकी नीट उभं केलं होतं. लग्न राहण्याची कारणं तिला माहीत होती, ती साधी होती, त्यांत कॅसेट कुठेच नव्हती. पीएचडी, मग एक माणूस ज्याने दुसरीकडे नोकरी धरली, मग सवय. हे ती आईला समजावून सांगू शकली असती. तिने तोंड उघडलं आणि भलतंच बोलली.

"मग आता पुरा कर. इथेच. माझ्यापुरता."

आई हसली. दात उरले नव्हते, हसू सगळं डोळ्यांतच आलं. "नवरा कुठं हाय गो? भिंतीला माल घालशील?"

"तू गा फक्त."

"लटका धवला एकदा गायला, तो पुरला." ती गुडघ्यांवर हात ठेवून उठली, पलंगाखालून पाट ओढून काढला, पदराने पुसला आणि खोलीच्या मधोमध मांडला. "बस."

शर्मिला बसली. पाट लहान होता, टाइल्सवर एका कोपऱ्याने डुगडुगत होता. आई तिच्यासमोर उभी राहिली. एकदा मोठ्या भांडणात वऱ्हाड परत गेलं होतं, आई म्हणाली, नवरी पाटावर तशीच. तेव्हा आपणच तिला उठवलं होतं. बसवलेल्या नवरीला आपल्या मनाने उठता येत नाही, बसवणारीने उठवावं लागतं. मग तिने पदर सारखा केला, आणि तिची पाठ ताठ झाली, आणि क्षणभर ती बाई उभी होती जिच्यासमोर नवरदेवाचा बाप खाली बसायचा. ती गायली नाही. बाजारात भाव सांगावा तशा कोरड्या आवाजात म्हणाली, "हा लगीन नाय. ही पोर कोनाची नवरी नाय. ही मोकली. ऊठ."

शर्मिलाला उठता आलं नाही. गुडघे, तिला वाटलं. बावन्न वर्षांचे गुडघे, थंड फरशी. पण गुडघे नव्हते. इतकी वर्षं कुठल्यातरी खोक्यात, तिला माहीतही नसताना, तिच्या कपाळाला बाशिंग बांधलेलं होतं, आणि अंतरपाटाच्या पलीकडे कोणी नाही असं अजून कोणी म्हटलेलं नव्हतं. कोणीतरी तिला तिथे बसवून ठेवलं होतं. उठली की ती अर्धीसुद्धा कोणाची नव्हती. तिने आईकडे पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर दया नव्हती, घाई होती, काम अर्धवट राहील याची.

"ऊठ गो बाय," आई म्हणाली, आणि हात पुढे केला. हाताला जवळ्याचा वास होता. तो धरून शर्मिला उठली.

तिला वाटलं होतं, आता काहीतरी वाटेल. आईने मात्र तिचा हात लगेच सोडला, वाकून पाट उचलला आणि भिंतीला उभा करून ठेवला, रिकाम्या पाटावर भलतंच कोणी येऊन बसू नये म्हणून.